धुऱ्यावरची विहीर

दामू, परवा तुझ्या कॉलेजातले दोन मास्तर अकोल्याहून आले होते. वार्षिक अंकात तुझ्यावर पान द्यायचं म्हणाले. जन्म कधीचा, बी.एस्सी. कुठून, नोकरीत किती वर्षं. मी म्हटलं, बाप्पा हो, ते सगळं तुमच्या ऑफिसातल्या कपाटात असेल, तिथून घ्या. मला जे माहीत आहे ते कपाटात नाही. तर त्यातला लहाना, चष्मेवाला, म्हणाला, "मग मावशी, तुम्हीच लिहा न." मी हो म्हणून बसले. तेव्हापासून टाक हातात घेते अन् ठेवते.

बहिणीनं भावावर लिहायचं म्हणजे लोकांना वाटतं गोड गोड लिहील. मला गोड लिहायचं नाही रे. मला तुला एक सांगायचं आहे. ते सांगायला माझ्याजवळ सात वर्षं होती आणि मी सांगितलं नाही. आता तू ऐकायला नाहीस, तर सगळ्यांच्या देखत सांगते.

वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल, तुझे गणिताचे कागद साफ लिहायचं काम माझं होतं. आधी तू कचेरीपुढच्या टायपिस्टकडे जायचास. त्याच्या यंत्रात तुझी चिन्हं नव्हती. तो जागा सोडायचा, तू घरी येऊन हातानं भरायचास, आणि पान असं दिसायचं जसं पाखरांनी टिपलेलं वावर. एक दिवस तू वैतागून म्हणालास, "बाई, तूच लिहून दे न."

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण आपला आजा रिद्धपूरला महानुभावांच्या पोथ्या उतरवायचा, आणि लहानपणी मी त्याच्या मांडीशी बसलेली. बालबोध अक्षरांच्या आधी मला पंथाची गुपित अक्षरं आली, ती सकळ लिपी. त्यामुळे तुझे अल्फा-बीटा पाहून मला भीती नाही वाटली. त्या अक्षरांचीच चुलत भावंडं वाटली. आज्याचा एकच कायदा होता. पाहिलं तसं लिहायचं. पोथीत चूक दिसली तरी आपण दुरुस्त करायची नाही. फक्त समासात कावळ्याच्या पायासारखी बारीक खूण करायची, काकपद, आणि जाणत्याला विचारायचं. आणि पोथी संपली की शेवटी एक ओळ, की जसं पाहिलं तसं लिहिलं, चुकलं असेल तर माझा दोष नाही.

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा. माझं सगळं पाप त्या ओळीआड लपलेलं आहे.

पहिले दोन-तीन कागद मी नुसती रेघांवर रेघ मारल्यासारखे उतरवले. पण माणूस किती दिवस न समजता लिहील? मी विचारायला लागले. तू चिडायचास, मग सांगायचास. सांगताना मात्र तुझ्यासारखा मास्तर नाही. मी भाकरी थापून राहिलेली आणि तू चुलीपुढं उकिडवा बसून, हातात खडू.

"बाई, समज, आपल्या दर्यापूरकडच्या वावरात जागोजागी विहिरी खणल्या."

"जागोजागी कायले? वावर पेरायचं का विहिरीच पायत बसायच्या?"

"समज म्हटलं न."

"बरं, समजली."

"दर विहिरीचं पाणी किती खारं, तो आकडा मांडायचा. आता हे आकडे अखंड असनं म्हंजे काय, का पाऊलभर सरकलं तर चव जराशीच बदलते. एकदम गोडाचं खारं होत नाही."

"कोण सांगते होत नाही? पाटलाच्या विहिरीचं पाणी गोड, अन् दहा हातावर आपलं मचूळ."

"म्हनूनच तर! म्हनूनच कमी मागायचं." तुझे डोळे असे चमकायचे तेव्हा. "तुया विहिरीपासून दोरी घे, कितीही आखूड घे. त्या दोरीच्या आत एक तरी तुकडा असा पायजे, सुपाएवढा का असेना, का तिथलं पाणी तुया विहिरीसारखंच लागते. तुयी विहीर खुद्द त्या तुकड्यात नसली तरी चालते. शेजारी असली का झालं."

मी तव्यावरची भाकर उलटली आणि म्हटलं, "म्हंजे एकट्या विहिरीले परवानगी नाही."

तू खडू खाली ठेवलास. "पुन्हा म्हन."

"एकट्या विहिरीले परवानगी नाही. तिच्यासारखं कोणीतरी शेजारी पायजेच."

तू म्हणालास की मोठमोठ्या पुस्तकांत हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं नाही. आणि मग सांगितलंस की हे काही वावरापुरतं नाही, तुझ्या टोपॉलॉजीत अशा जागा असतात जिथं दोरीच नसते, अंतर मोजताच येत नाही, तरी कोण कोणाच्या शेजारी आहे ते ठरलेलं असतं. मी म्हटलं, "हे तुया पुस्तकानं मले काय शिकवावं? नवरा गेला अन् मी तुयापाशी आली, तेव्हा कोणती दोरी होती?"

तू हसलास. मी पण हसले.

त्या कमी मागणाऱ्या अखंडपणाच्या, म्हणजे सातत्याच्या, नावावरून आपलं भांडण लागलं ते काही मिटलं नाही. तुला मराठीत शब्द हवा होता. तू 'अर्धसातत्य' म्हणायचास. मी म्हणायची, अर्ध काहून? भाकर अर्धी असते. सातत्य अर्धं असलं तर ते तुटलेलंच की. याले शेजारसातत्य म्हण. तू म्हणायचास, "विद्यापीठात हसतील." मी म्हणायची, "हसू दे. दात तरी दिसतील त्यांचे." तू परगावी निघालास की बडनेऱ्याच्या स्टेशनवर बसवून द्यायला यायची तेव्हाही आपलं हेच चालू. शेजारच्या बाकावरची माणसं समजायची, ही बहीण-भावंडं वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून, भांडून राहिली.

आता ऐक. म्हणजे, नाही ऐकणार तू, पण मी सांगते.

आपला वऱ्हाड मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला ते वर्ष. अमरावतीच्या राजापेठेतल्या आपल्या दोन खोल्या जिथल्या तिथंच, सरकारनं फक्त धुरा हलवला, असं तू म्हणायचास. त्या वर्षी तू तुझा मोठा कागद लिहीत होतास, परदेशी पाठवायचा होता. दोन वर्षं खपला होतास त्याच्यासाठी. चौदा पानं. मी रोज दुपारी एक पान उतरवायची. सातव्या पानावर आली. तिथं तू लिहिलं होतंस की अशी दोन फलनं, म्हणजे विहिरीविहिरीवर मांडलेले आकडे, घेतली, दोन्ही शेजारच्या भरवशावर टिकणारी, तर त्यांची बेरीजही तशीच टिकते, हे उघड आहे. त्यापुढची सगळी सात पानं या एका 'उघड आहे'वर उभी होती.

दामू, इतके कागद उतरवून मला एक कळलं होतं. सिद्ध केलेलं तू कधी 'उघड आहे' म्हणून लिहायचा नाहीस. कंटाळला असलास, की लिहायचास. म्हणून तो शब्द आला की मी थांबायची.

थांबले. डाळ चुलीवर होती. आणि माझ्या डोळ्यांपुढं आपल्या वावराचा धुरा आला, आणि धुऱ्यावर एक विहीर.

वाचणाऱ्यांनो, हे कठीण नाही, माझ्यासारखीला समजलं. धुऱ्याच्या पूर्वेकडचं सगळं पाणी खारं, पण निवळ. पश्चिमेकडचं खारं नाही, पण गढूळ. आता धुऱ्यावरची विहीर. खारेपणात ती पूर्वेसारखी, म्हणजे पूर्वेचा शेजार तिला आहे, ती टिकली. गढूळपणात ती पश्चिमेसारखी, पश्चिमेचा शेजार तिला आहे, ती टिकली. आता दोन्ही खोडी एकत्र मोजा. पूर्वेकडे सगळ्यांना एक खोड, पश्चिमेकडे सगळ्यांना एक खोड, आणि धुऱ्यावरचीला दोन. दोन खोडीची दुसरी विहीर नाही. दोरी आखूड करा, लांब करा, नाही. दोन्हीकडून शेजार असलेली ती, बेरीज केली आणि एकटी पडली.

आणि एकट्या विहिरीला परवानगी नाही. माझंच वाक्य.

डाळ लागली. मी ती उतरवली नाही. मी टाक घेतला आणि उतरवलेल्या सातव्या पानाच्या समासात काकपद केलं. बारीक. दामू येईल, मी त्याला दाखवीन, तो आधी भांडेल, मग उकिडवा बसेल, मग म्हणेल, पुन्हा म्हन. दुपारभर मी तुझीच वाट पाहत होते. जन्मात कोणाची अशी वाट पाहिली नसेल.

तू आलास. तुझ्यासोबत नागपूरचे एक पाहुणे, तुझ्याच विषयातले. मी पोहे केले. बशा घेऊन बाहेर येत होते आणि त्यांच्या हातात माझी पानं. ते म्हणाले, "अक्षर कुणाचं हो हे? फार सुंदर."

"आमच्या बाईचं."

"त्यांना गणित येतं?"

आणि तू हसत म्हणालास, "छे हो! बाईला त्यातलं काही समजत नाही. म्हणून तर चूक होत नाही."

तुम्ही दोघंही हसलात. मी बशा ठेवल्या. माझ्याकडे पाहून पाहुण्यांनी हात जोडले. पाहुण्यांपुढं तू 'बाईले' नाही, 'बाईला' म्हणालास, तेसुद्धा मला लागलं. जणू घरातून उचलून मला कपाटात ठेवलंस.

गंमत केली असशील. असेलच. मी सात वर्षं स्वतःला सांगते आहे की ती गंमत होती. पण त्या दिवशी मी आत गेले, जळलेली डाळ घासली, आणि तुझ्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तू कॉलेजात गेल्यावर ब्लेड घेतलं आणि समासातलं काकपद खरवडून काढलं. कागद जरासा खरखरीत झाला तेवढाच. मनात म्हटलं, मले समजत नाही न? मंग मले दिसलं पण नाही. पाहिलं तसं लिहायचं. आज्याचा कायदा. आठवं पान घेतलं.

पुढच्या सात दिवसांत उरलेली सात पानं पुरी केली. त्या सात दिवसांत तू दोनदा विचारलंस, "बाई, काहून बोलत नाही वं?" मी म्हटलं, "दाढ दुखते." पुरं झाल्यावर तू पानं चाळलीस, कुठं डाग नाही म्हणून खूश झालास, आणि पोस्टात टाकून आलास. येताना माझ्यासाठी दाढेचं औषध आणलंस. लवंगाचं तेल. ती बाटली अजून फळीवर आहे. उघडलेली नाही.

कागद परत आला तेव्हा कपाशी निघून गेली होती, वावरं उघडी झाली होती. सोबत तीन ओळींचं पत्र. तुझे कागद उतरवून उतरवून मला तेवढं इंग्रजी येत होतं. त्यांनी दोन फलनं दिली होती आणि बेरीज करून दाखवली होती. एक, दोन, एक. माझीच विहीर. फक्त धुरा जिथं आहे त्या जागेला त्यांनी शून्य म्हटलं होतं.

तू खाटेवर बसलास. पानं उलटत सातव्याशी आलास. मी दारात उभी. तू ते पान उचललंस आणि दाराकडच्या उजेडासमोर धरलंस. समासावरून अंगठा फिरवलास. एकदा. पुन्हा एकदा.

मग म्हणालास, "बाई, चहा टाक."

दामू, तुला तिथं काय लागलं रे अंगठ्याला? खरखर लागली का? काकपदाच्या पायाची एखादी रेघ उरली होती का? का तू नुसताच माणूस खचल्यावर कागदावरून हात फिरवतो तसा फिरवत होतास? मला सांग. कोणीतरी मला सांगा. त्याच वेळी मी पुढं येऊन 'मले दिसलं होतं' एवढे तीन शब्द बोलले असते, तर तू फार तर मला मारलं असतंस. मारायचं होतंस न! मी चहा टाकला. साखर जास्त पडली. तू तो तसाच प्यायलास.

त्यानंतर तू मला एकही कागद उतरवायला दिला नाहीस. लिहीतच नव्हतास, का मला देत नव्हतास, हेही मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी अकोल्याच्या कॉलेजात गेलास. "बाई, तू इथंच राह्य, तिकडे पाण्याचे हाल हायेत," म्हणालास. शनिवारी यायचास, जवारीची भाकर अन् ठेचा खायचास, रविवारी जायचास. पोरांच्या गमती सांगायचास. विहिरीचं नाव तू काढलं नाहीस, मी काढलं नाही. अकोला अन् अमरावती, मध्ये गाडीचे काही तास, पण मला वाटायचं, आता आपल्यामध्ये दोरी टाकून मोजायची पाळी आली.

लोक म्हणतील, मावशी, छातीच्या दुखण्यानं माणूस गेला, त्यात तुमचा काय दोष. डॉक्टरही तेच म्हणाले. पण डॉक्टरला चौदा पानं कुठं ठाऊक आहेत? जो माणूस चुलीपुढं खडू घेऊन बसायचा, तो सात वर्षं नुसता वर्गात फळा पुसत राहिला. ते दुखणं कोणत्या कागदावर लिहितात?

दवाखान्यातलं सांगते आणि थांबते. एवढंच राहिलं आहे, आणि हेच माझ्यानं लिहवत नाही.

अकोल्याला मी आले तेव्हा तू उशाला टेकून बसला होतास. हातापायाच्या नुसत्या काड्या. मला पाहिल्याबरोबर उशीखालून पानं काढलीस. पाच पानं, तुझ्या त्या कोंबडीच्या पायाच्या अक्षरात.

"बाई, हे साफ लिहून देशील?"

सात वर्षांनी. मी पानं घेतली. पदरात धरली.

तू म्हणालास, "नुसतं लिहू नको. वाचून पाह्य. तुले समजते."

तू दार उघडलं होतंस, दामू. उघडून बाजूला उभा होतास. एक पाऊल टाकायचं होतं मला. आणि माझ्या तोंडातून काय निघालं? सात वर्षं जे दाताखाली धरलं होतं ते निघालं. "मले काय समजते बाप्पा? मी आपली लिहीत जाते. म्हनून तर चूक होत नाही."

तू हसलास. हसता हसता खोकला आला, नर्स धावली. खोकला थांबल्यावर तू माझ्याकडे पाहिलंस, मग खिडकीकडे तोंड केलंस. त्या हसण्यात काय होतं? मला ओळखलंस म्हणून हसलास? का तुला तुझंच वाक्य आठवलं आणि वाटलं, अजून बाई तिथंच अडली आहे? मला वाटलं, उद्या सांगू. उद्या तू झोपेतच होतास. परवा नव्हतास.

ती पाच पानं आता माझ्यापुढं आहेत. दोन दिवसांपासून उतरवते आहे. तू लिहिलंस की बेरीज टिकायची असेल तर दोघांपैकी एक जण पुरता अखंड पाहिजे. दुसरा एका बाजूच्या शेजारावर टिकलेला असला तरी चालतं. कारण अखंड असलेला सगळ्याच बाजूंनी सोबत असतो, दुसरा ज्या बाजूला जाईल तिथं त्याच्यासोबत जातो. इतकं साधं. इतकं बरोबर. मी एकेका ओळीवर थांबून पाहिलं रे, हात लावून पाहिलं. 'उघड आहे' कुठंच नाही. मी चूक शोधते आहे. देवाशपथ शोधते आहे. एक तरी चूक ठेवायची होतीस, दामू, म्हणजे मला काकपद करून तुला हाक मारायला जागा राहिली असती. सगळं बरोबर करून गेलास. मला विचारण्यासारखं काही ठेवलं नाहीस.

तू एका बाजूनं टिकलेला, मी दुसऱ्या बाजूनं. दोघांतला एक जण अखंड असायला पाहिजे होता. मी मोठी होते. मी असायला पाहिजे होते.

नाव मात्र तू अजून 'अर्धसातत्य'च लिहिलंस. हट्टी. मी तसंच उतरवलं आहे, पाहिलं तसं. पण पहिल्यांदा ते आलं तिथं समासात काकपद केलं आहे, ठळक, ब्लेडनं जाणार नाही असं. छापणाऱ्या मास्तरांनी ते तसंच ठेवावं. चूक नाही ती. भांडण चालू आहे, एवढंच.

आणि शेवटी आज्याच्या रिवाजाप्रमाणे ओळ लिहायची असते. ती त्या चौदा पानांसाठी लिहिते, जी मी पुरी केली आणि ज्यांच्याखाली त्या दिवशी काहीच लिहिलं नव्हतं.

पाहिलं तेवढं लिहिलं नाही. दोष माझा.